पाठक्रम, अर्थक्रम आणि असईचें रण

एकाच लेखकाच्या वीस-बावीस कादंबऱ्या समोर असल्या, तर वाचनास आरंभ कोठून करावा, हा प्रश्न वरवर पाहतां अगदीं क्षुल्लक दिसतो. परंतु गेल्या दिवाळीच्या सुट्टींत याच प्रश्नावरून आमच्या घरीं दोन पक्ष पडले, जेवणाच्या पंक्तींत वाद रंगला, आणि शेवटीं "आजोबांना विचारूं" असें ठरून तो माझ्या पुढ्यांत आला. निवाडा करतांना मला जें सुचलें, आणि निवाडा अर्धा झाल्यावर जें घडलें, तें या सदराच्या वाचकांपुढें ठेवण्यासारखें वाटतें.

वादाचा विषय होता बर्नार्ड कॉर्नवेल या इंग्रज लेखकाची रिचर्ड शार्प या शिपायावरील कादंबरीमाला. ज्यांस हें नांव नवें असेल त्यांच्याकरितां थोडा परिचय देतों. कॉर्नवेल यांचा जन्म १९४४ सालीं लंडन येथें झाला. बी. बी. सी. च्या दूरचित्रवाणी खात्यांत कांहीं वर्षें काम केल्यावर विवाहाच्या निमित्तानें ते अमेरिकेस गेले. तेथें नोकरीचा परवाना मिळेना, म्हणून त्यांनीं लेखणी हातीं धरली. सी. एस. फॉरेस्टर यांच्या हॉर्नब्लोअर नामक आरमारी नायकाच्या गोष्टी त्यांना लहानपणापासून प्रिय होत्या. तसाच एक नायक पायदळांत उभा करावा, ही त्यांची मनीषा. तींतून १९८१ सालीं 'शार्प्स ईगल' ही पहिली कादंबरी निघाली. पुढें माला वाढतच गेली, आणि २०२३ सालींहि तींत एका पुस्तकाची भर पडली. नायक शार्प हा लंडनच्या गल्लीबोळांतील अनाथ पोर. साधा शिपाई म्हणून तो पलटणींत शिरतो आणि नेपोलियनविरुद्धच्या युद्धांत एकेक पायरी चढत अधिकारपदास पोंचतो. त्या काळीं इंग्रजी सैन्यांत अधिकाऱ्यांच्या जागा पैसे मोजूनहि विकत घेतल्या जात. अशा वेळीं शिपायाचा अधिकारी होणें किती दुर्मिळ, आणि झालाच तर त्याला सोबत्यांत मान मिळणें किती कठीण! मालेचें सारें नाट्य या एका गोष्टींत आहे.

आतां घोटाळा असा कीं, शार्पचें आयुष्य ज्या क्रमानें घडलें त्या क्रमानें तें लिहिलें गेलेलें नाहीं. पहिली कादंबरी १८०९ च्या जुलै महिन्यांत स्पेनमधील तालाव्हेरा येथें झालेल्या लढाईची. नायक तेथें आधींच लेफ्टनंट आहे, आणि त्याच्या पाठीवर हिंदुस्थानांत खाल्लेल्या फटक्यांचे वळ आहेत. तेथून लेखक मुख्यतः पुढें पुढें जात राहिला व १९९० च्या 'शार्प्स वॉटर्लू' मध्यें १८१५ सालच्या रणांगणावर पोंचला. मग तो फार मागें वळला. 'शार्प्स टायगर' (१९९७) मध्यें १७९९ चा श्रीरंगपट्टणचा वेढा आला. 'शार्प्स ट्रायंफ' (१९९८) मध्यें १८०३ च्या सप्टेंबरांतील असईची लढाई. 'शार्प्स फॉर्ट्रेस' (१९९९) मध्यें त्याच वर्षीं डिसेंबरांत पडलेला वऱ्हाडांतील गाविलगड. आणि 'शार्प्स ट्रॅफल्गार' (२०००) मध्यें १८०५ सालीं आपल्या मुंबईहून निघालेला जलप्रवास. ही रीत कॉर्नवेल यांचीच नव्हे. त्यांच्या गुरुस्थानीं असलेल्या फॉरेस्टर यांनींहि १९३७ सालीं हॉर्नब्लोअर वाचकांपुढें आणला तो कप्तान म्हणून, आणि त्याचें उमेदवारीचें वय सांगितलें तें १९५० सालीं.

आमच्या घरांतील थोरली नात महाविद्यालयांत इतिहास शिकते. तिचें म्हणणें, लेखकानें लिहिलें तसेंच वाचावें. धाकटा नातू यंदा दहावींत. त्याचें म्हणणें, नायक जसा वाढला तसेंच वाचावें; लहानपण मागाहून वाचण्यांत अर्थ कोणता? नुसतें म्हणूनच तो थांबला नव्हता. श्रीरंगपट्टण संपवून तो असईच्या पुस्तकाच्या अर्ध्यावर आलेलाहि होता.

मीं मुलांना प्रथम मीमांसकांचें मत सांगितलें. क्रम कशावरून ठरवावा याचीं त्यांनीं सहा प्रमाणें दिलीं आहेत: श्रुति, अर्थ, पाठ, स्थान, मुख्य आणि प्रवृत्ति. पाठक्रम म्हणजे ग्रंथांत वाक्यें ज्या अनुक्रमानें आलीं असतील तो. अर्थक्रम म्हणजे प्रयोजन पाहून ठरणारा. त्यांचें नेहमींचें उदाहरण अग्निहोत्राचें. तेथें होमाचें विधान आधीं येतें, आणि यवागू म्हणजे पेज शिजविण्याचें मागून. परंतु पेज शिजल्यावांचून आहुति कशाची देणार? म्हणून अशा ठिकाणीं पाठक्रम बाजूस सारून अर्थक्रम बलवान् मानावा, असा निर्णय आहे.

हें ऐकतांच नातू उडालाच. "मग मीच जिंकलों ! आधीं १७९९, मग १८०३."

"थांब, बाळ," मी म्हणालों. "अर्थ म्हणजे सनावळी नव्हे. अर्थ म्हणजे प्रयोजन. आपण हीं पुस्तकें कशाकरितां वाचतों, तें आधीं ठरवूं. मग क्रम आपोआप ठरेल."

सनावळीच्या पक्षांतहि बळ आहे, हें कबूल केलें पाहिजे. त्या क्रमानें गेल्यास वाचकाच्या डोळ्यांदेखत शिपायाचा सार्जंट होतो, सार्जंटाचा एन्साइन म्हणजे सर्वांत खालचा अधिकारी होतो, आणि भूगोलहि हिंदुस्थान, समुद्र, पोर्तुगाल, स्पेन, फ्रान्स असा ओळीनें उलगडतो. ज्याला युरोपांतील त्या युद्धाची कांहींच माहिती नाहीं त्यास हा मार्ग सोपा वाटेल.

पण या मार्गानें जाणाऱ्याचें नुकसान काय होतें तेंहि पाहूं. मालेंत ओबादाया हेक्सविल नांवाचा एक अत्यंत दुष्ट सार्जंट आहे. त्याच्याच कारस्थानामुळें शार्पला फटक्यांची शिक्षा होते. हें पात्र वाचकांस प्रथम भेटलें १९८२ च्या 'शार्प्स कंपनी' मध्यें, आणि त्याचा हिशेब पुरा झाला १९८४ च्या 'शार्प्स एनिमी' मध्यें. म्हणजे कथेच्या काळांत १८१२ सालीं. तेरा वर्षांनीं लेखक जेव्हां १७९९ सालीं परतला तेव्हां त्याचे हात बांधलेले होते. हिंदुस्थानांतील तिन्ही पुस्तकांत हा हेक्सविल मरणाच्या दाढेंत पडतो. एकदां वाघ, एकदां हत्ती, एकदां साप; आणि तिन्ही वेळां तो वांचतो, कारण स्पेनमध्यें त्याला हजर राहणें भाग आहे! ज्यानें आधींचीं पुस्तकें वाचलीं आहेत तो गालांत हंसतो. ज्यानें वाचलीं नाहींत त्यास हा लेखकाचा भोंगळपणा वाटतो. तीच गोष्ट हार्पर या आयरिश सोबत्याची. १९८१ च्या पुस्तकांत तो व शार्प जिवाभावाचे मित्र आहेत; त्यांची पहिली भेट मात्र १९८८ च्या 'शार्प्स रायफल्स' मध्यें येते, आणि ती चक्क हाणामारीची आहे. मैत्री आधीं ठाऊक असली तरच त्या मारामारीची गंमत.

आपल्या परंपरेला हें नवें नाहीं. महाभारताची कथा पांडवांच्या जन्मापासून कोठें सुरू होते? ती नैमिषारण्यांतील ऋषींपासून सुरू होते. परीक्षिताला तक्षकानें दंश केल्याचें व जनमेजयाच्या सर्पसत्राचें वृत्त आपण आधीं ऐकतों, आणि मग त्याच्या पणज्यांचें युद्ध. कुळाचा अंकुर शिल्लक राहिला हें ठाऊक असूनहि अश्वत्थाम्याचें अस्त्र उत्तरेच्या गर्भावर सुटतें तेव्हां ऐकणाऱ्याचा श्वास अडकतोच. शेवट ठाऊक असल्यानें रस आटत नाहीं. तो दुसऱ्या जागीं जातो एवढेंच.

याहून महत्त्वाचें कारण निराळें आहे. या लेखकाची एक विशिष्ट रीत आहे, व ती पहिल्या पुस्तकांतच स्पष्ट होते. तालाव्हेराच्या लढाईंत शार्प फ्रेंच पलटणीचा सुवर्णगरुड हिसकावून आणतो. प्रत्यक्षांत त्या लढाईंत इंग्रजांच्या हातीं एकहि गरुड लागला नव्हता. युद्धांत तो मान त्यांना प्रथम मिळाला ५ मार्च १८११ रोजीं, बारोसा येथें. कॉर्नवेल हें लपवीत नाहींत. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटीं ते ऐतिहासिक टीप जोडतात आणि खरें काय व आपलें काय हें सांगून टाकतात. ही टीप वगळून पुढचें पुस्तक उघडणारा वाचक निम्म्या लाभास मुकतो. चार पुस्तकें अशीं टिपेसह वाचलीं कीं ध्यानांत येतें: रणांगण, ऋतु, पलटणी, हार-जीत हें बहुधा खरें, त्या गर्दींतील निर्णायक कृत्य करणारा हात मात्र शार्पचा. टिपूस मारणारा शिपाई कोण हें इतिहासास कधींच कळलें नाहीं. कादंबरींत तो शार्प आहे. गाविलगडाच्या आंतल्या भिंतीस शिडी लावून वर चढणारा आणि दरवाजा उघडून देणारा इतिहासांत ९४ व्या पलटणीचा कॅप्टन कॅम्पबेल. कादंबरींत तेंहि शार्पच्या पदरीं. प्रसंग खरा, कर्ता कल्पित. हें माप हातीं आल्यावरच आपल्या भूमीवरील पुस्तकें वाचावींत, असें माझें मत होतें, आणि तें मी मुलांस समजावून सांगत होतों.

इतक्यांत जें घडलें त्यानें माझें व्याख्यान थांबविलें. नातू असईचें वर्णन उत्साहानें सांगूं लागला. शत्रूच्या तोफांची रांग कशी होती, इंग्रज पायदळ गोळ्यांच्या वर्षावांतून कसें चालत गेलें, तोफांजवळ पोंचल्यावर संगिनींनीं एकेक गोलंदाज कसा टिपला. "एकहि सोडला नाहीं, आजोबा !" असें तो हात उगारून म्हणाला. सूनबाई पंक्तींत वाढीत होत्या. त्या थबकल्या आणि मला म्हणाल्या, "मामंजी, हें असई म्हणजे आमच्या भोकरदनजवळचेंच ना?"

"तेंच," मी म्हणालों.

पंक्तींत क्षणभर कोणी बोललें नाहीं. नातवाच्या चेहऱ्यावरून मला कळलें कीं, पुस्तकांतील 'शत्रु' कोण, हें त्याला आतां या घटकेस उमगत होतें. सन, नकाशा, शिंद्यांचें नांव हें सर्व त्यानें वाचलेलें होतें. परंतु ज्याच्या खांद्यावर बसून आपण लढाई पाहतों त्याचाच पक्ष तो आपला पक्ष, हा वाचनाचा धर्मच आहे. त्या मुलाचा दोष नव्हता. थोड्या वेळानें त्यानें खालच्या आवाजांत विचारलें, "त्या गोलंदाजांचीं नांवें काय होतीं?"

नांवें कादंबरींत नाहींत. परंतु ते कोण होते हें सांगतां येतें, आणि तें मीं त्याला सांगितलें. महादजी शिंद्यांनीं द बॉयन या सेनानीच्या हातून कवायती पलटणी व उत्तम तोफखाना उभा केला होता. त्याच परंपरेंतील हें सैन्य दौलतराव शिंद्यांकडे आलें, आणि असईस त्याचें आधिपत्य पोलमन या हॅनोव्हरच्या गृहस्थाकडे होतें. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावांनीं वसईचा तह केला व त्यांतून हें युद्ध उद्भवलें. १२ ऑगस्ट १८०३ रोजीं अहमदनगरचा किल्ला इंग्रजांकडे गेला. २३ सप्टेंबरला केळणा व जुई या दोन नद्यांच्या मधल्या पट्ट्यांत गांठ पडली. वेलस्लीला उतार ठाऊक नव्हता. नदीच्या दोन तीरांवर समोरासमोर दोन गांवें दिसलीं, तेव्हां मध्यें वाट असलीच पाहिजे, असा तर्क करून त्यानें सैन्य पाण्यांत घातलें, आणि तो तर्क खरा ठरला. त्याचे पंधराशेंहून अधिक लोक मेले वा जखमी झाले. पुढें वॉटर्लू जिंकल्यावरहि, आपल्या हातून झालेली सर्वांत उत्तम लढाई कोणती असें विचारलें असतां त्यानें असईचें नांव घेतलें, असें त्याचे चरित्रकार सांगतात. आणि गोलंदाजांविषयीं खुद्द इंग्रजांनींच लिहून ठेविलें आहे कीं, ते आपल्या तोफा सोडून हलले नाहींत. कित्येक तोफेपाशींच संगिनीनें मारले गेले, आणि कांहीं मेल्याचें सोंग करून पडले, पलटण पुढें जातांच उठले व त्याच तोफा फिरवून पाठीमागून डागूं लागले.

"म्हणजे शेवटपर्यंत लढले," नातू म्हणाला.

"शेवटपर्यंत. कादंबरीकारानें कॅम्पबेलचें कृत्य आपल्या नायकास दिलें, कारण कॅम्पबेलचें नांव कागदावर होतें. आपल्या गोलंदाजांपासून घेण्यास त्याला कोणतें नांवच मिळालें नाहीं. तो दोष त्याचा एकट्याचा नव्हे. आपण तीं नांवें जपलीं नाहींत."

मग मी कॉर्नवेल यांच्या बाजूनेंहि दोन शब्द बोललों, कारण अन्याय कोणावरच होऊं नये. हा लेखक साम्राज्याचा भाट नाहीं. त्याच्या नायकाला स्वतःच्याच सैन्यांत दोन हजार फटक्यांची शिक्षा होते व ती मध्येंच थांबते, म्हणून तो वांचतो. पुढें तो हेर म्हणून टिपूच्या फौजेंत शिरतो, आणि क्षणभर त्यालाहि वाटतें कीं इकडे अधिक बरें आहे. नायकाची निष्ठा पलटणीशीं आहे, सोबत्यांशीं आहे. कंपनी सरकारच्या धोरणाशीं नाहीं. तरी पण तो ज्या बाजूस उभा आहे ती बाजू आपल्या पणजोबांच्या समोरची होती, आणि हें विसरून तीं पृष्ठें वाचतां कामा नयेत. विसरल्यास नुकसान आपलें. रागावून पुस्तक मिटल्यासहि नुकसान आपलेंच. कारण असईच्या मातीचें, त्या दुपारच्या धुराचें आणि त्या दोन नद्यांचें इतकें बारीक चित्र मराठी कादंबरींत मला तरी क्वचितच आढळलें.

तेव्हां माझा निर्णय असा. प्रयोजन जर केवळ करमणूक असेल तर कोठूनहि आरंभ करावा. प्रत्येक पुस्तक स्वतंत्र वाचतां येतें. परंतु आपल्या घरांतील मुलांनीं या मालेंतून युद्ध, इतिहास व कल्पना यांचा विवेक शिकावा हें प्रयोजन असेल, तर लेखकाच्या मागोमाग चालावें. १९८१ च्या 'ईगल' पासून १९९० च्या 'वॉटर्लू' पर्यंत अकरा पुस्तकें होतात. तीं लिहिलीं गेलीं त्याच क्रमानें वाचावीं. एवढा वेळ नसेल त्यानें निदान 'ईगल', 'कंपनी', 'एनिमी' व 'वॉटर्लू' हीं चार तरी वाचावीं. तेथें परकी भूमि, परके पक्ष; मन तटस्थ राहतें आणि लेखकाची हातचलाखी नीट दिसते. नंतर थांबावें. गोविंद सखाराम सरदेसायांच्या 'मराठी रियासती'तील १८०३ च्या युद्धाचा भाग काढून वाचावा. वसईचा तह, अहमदनगर, असई, २९ नोव्हेंबरची अडगांवची लढाई, १५ डिसेंबरला लढतां लढतां पडलेला गाविलगडचा किल्लेदार बेनीसिंग, १७ डिसेंबरचा भोसल्यांचा देवगांवचा तह आणि ३० डिसेंबरचा शिंद्यांचा सुर्जी-अंजनगांवचा तह, हा क्रम मनांत पक्का करावा. मग 'टायगर', 'ट्रायंफ' आणि 'फॉर्ट्रेस' हीं तिन्ही सलग वाचावीं. बाकीचीं, म्हणजे ट्रॅफल्गार, कोपनहेगन व पुढें मागाहून भरलेलीं स्पेन-पोर्तुगालचीं, सनावळीनें वाचलीं तरी कांहीं बिघडत नाहीं.

पालकांकरितां एक सूचना. या पुस्तकांत रक्तपात फार आहे, शिपायांची भाषा शिपायांचीच आहे, आणि नायकाचें वर्तन सर्वत्र अनुकरणीय म्हणतां येणार नाहीं. दहावीच्या आंतील मुलांच्या हातीं देण्याची घाई नको. दिल्यास घरांतील एका वडील माणसानें तेंच पुस्तक बरोबर वाचावें. आमच्या घरीं जो प्रसंग घडला तो वाचन एकट्यानें कोपऱ्यांत न होतां पंक्तींत आलें म्हणून घडला.

नातीचा पक्ष जिंकला असें म्हणतां येईल. पण तिनें जी कारणें दिलीं होतीं त्यांवर नव्हे, आणि तिनेंहि तें हंसत मान्य केलें. नातवानें असईचें पुस्तक अर्ध्यावर खूण घालून कपाटांत ठेविलें आणि 'ईगल' घेतलें. रियासतीचा तो भाग त्यानें आपण होऊन मागून नेला आहे. उन्हाळ्यांत सूनबाई माहेरीं जातील तेव्हां त्याला बरोबर नेऊन त्या दोन नद्या दाखवावयाच्या, असें ठरलें आहे. त्या दिवसांत केळणेचें पाणी कमी असतें. उतार कोठें असावा तें त्याला स्वतःच्या डोळ्यांनीं शोधतां येईल.